थिमारी ते पेत्रूसा, आठ मिनिटं

१

“आर्गिरो, पेटीत दगड आहे! दगड!”

फोनवर आमचे धर्मगुरू पापा-सिदेरिस होते आणि ते चक्क रडत होते. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात कॉफीचं भांडं. कॉफी उतू जाऊन शेगडीवर सांडली तरी मला पत्ता नाही. थिमारीच्या विमानतळाला कुणीही फोन केला की तो माझ्या कॉफीच्या टपरीवरच येतो, कारण कचेरीतले लोक फोन उचलण्याचा पगार घेत नाहीत.

“कसला दगड? पनायिया कुठाय?”

“नाही ना! बिशपसाहेबांनी सगळ्यांदेखत पेटी उघडली, टॉवेल उलगडला, तर आत काळा दगड! सगळं गाव बँड घेऊन उभं होतं गं!”

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पनायिया म्हणजे मेरीमातेची आमची चांदीने मढवलेली तसबीर. दोनशे वर्षांपूर्वी आमच्या कोळ्यांना ती आमच्या थिमारी बेटाच्या टोकावरच्या गुहेत सापडली. वर्षभर ती आमच्या चर्चमध्ये असते आणि ऑगस्टातल्या जत्रेला समुद्रापलीकडे, मोठ्या पेत्रूसा बेटावर, चार दिवस पाहुणी जाते. यंदा मात्र बिशपच्या कचेरीने कळवलं होतं की जत्रेनंतर ती दुरुस्तीसाठी तिकडेच राहील. किती दिवस, ते कळवलं नव्हतं. तिकडे नवीन संग्रहालयाचं छप्पर चढतंय हे मात्र सगळ्यांना दिसत होतं.

दर वर्षी ती बोटीने जाते. बोट टोकाला वळसा घालते, मधल्या बेटावर शेळ्या आणि म्हाताऱ्या उतरवते, असं करत दोन तासांनी पोचते. यंदा आदल्या रात्रीपासून मेल्तेमी सुटला. हा उत्तरेचा वारा सुटला की समुद्र पांढरा होतो आणि माझं डोकं सटकतं. सकाळी बंदरावरून बोटी बंद झाल्याचं जाहीर झालं. मग सरपंच पांडेलिसने छाती फुगवून ठरवलं, पनायिया विमानाने जाईल.

विमान म्हणजे आमचं एकोणीस खुर्च्यांचं. सरळ रेषेत वीस मैलसुद्धा अंतर नाही. पट्टा बांधा, छातीवर बोटांनी क्रूस काढा, पट्टा सोडा. आठ मिनिटं. त्या आठ मिनिटांत दोनशे वर्षांची पनायिया नाहीशी झाली होती.

मी फोन ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. धावपट्टीच्या कडेला आमचा सामान चढवणारा इलिर एकटाच ढकलगाडी धूत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. आता सगळे कुणाकडे बोट दाखवणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

२

तासाभरात विमान सगळ्यांना घेऊन परत आलं. पापा-सिदेरिस दाढी ओढत उतरले. त्यांच्यामागे चर्चची दिवाबत्ती बघणारी कालियोआजी, ऐंशीच्या घरातली, काठी टेकत. मग अथेन्सचा फोटोवाला ग्रिपारिस, आणि शेवटी वैमानिक कॅप्टन मिल्टोस. सरपंच गावाला घेऊन आधीच येऊन बसला होता. माझ्या टपरीवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती आणि कॉफी कुणीच मागत नव्हतं.

“विचारायचं काय त्यात?” सरपंच ओरडला. “पेटी कुणाच्या हातात होती? त्या अल्बानियनच्या! वीस वर्षं आमचं मीठ खाल्लं आणि शेवटी घात केला!”

इलिर भिंतीला टेकून उभा होता. ओठ पांढरे पडलेले. शेजारी त्याची बायको मिरेला. पुढच्या महिन्यात दोघांची नागरिकत्वाची मुलाखत होती. वीस वर्षं वाट बघितल्यावर आलेलं बोलावणं. पोलिसांत नाव गेलं की सगळं मुसळ केरात.

“मी पेटी उचलली, गाडीवर ठेवली, विमानात चढवली,” तो म्हणाला. “बस. आईशप्पथ.”

“आणि डिझेलच्या टाकीमागून जाताना? तिथे तू कुणाला दिसत नाहीस!”

“पांडेलिस, टाकीमागून जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुझं नाकसुद्धा शिंकरून होत नाही,” मी म्हणाले. पण गर्दीपुढे शहाणपण म्हणजे वाऱ्यापुढे मेणबत्ती.

तेवढ्यात सार्जंट एव्हांथिया आली. आमच्या बेटावर पोलीस म्हणजे ही एकटीच. कोझानीच्या डोंगरातली, पन्नाशीची, समुद्राकडे बघितलं तरी तिला मळमळतं. बाई कधी खुर्चीत बसलेली मी पाहिली नाही. बोलते ती चालत चालत आणि विचार करते तोही चालत चालत. बघणाऱ्याला चक्कर येते.

“पेत्रूसाहून मोठ्या साहेबांचा फोन होता,” ती येरझाऱ्या घालत म्हणाली. “चारच्या विमानाने दोन अधिकारी येतायत, इलिरला घेऊन जायला.”

मिरेलाने तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून गेला होता.

“तोपर्यंत काय करणार तुम्ही?” मी विचारलं.

“प्रश्न,” ती म्हणाली. “आणि कोणीही टपरीबाहेर जायचं नाही.”

३

आधी तिने ग्रिपारिसला धरलं. आदल्या दिवशी तो चर्चमध्ये पनायियाचे फोटो काढायला मागत होता आणि आल्यापासून त्याने आपली मोठी बॅग पोटाशी कवटाळली होती.

“उघडा.”

“यात फक्त कॅमेरे आहेत.”

“मग घाम का फुटलाय?”

बॅग उघडली. कॅमेरे होते, आणि कॅमेऱ्यांच्या खाली आमच्या गुराख्याचं चांगलं दोन किलो चीज! जत्रेआधीचा पंधरवड्याचा उपास चालू, सगळं गाव कडधान्यांवर, आणि हा पठ्ठ्या लपूनछपून चीज हाणत होता. इतक्या ताणातही बायका फिस्सकन हसल्या.

“नरकात जाशील,” पापा-सिदेरिस म्हणाले, पण त्यांची नजर चीजवरून हलेना.

मग कॅप्टन मिल्टोस. “सार्जंटबाई, सामानाची जागा शेपटीकडे, तिचं दार बाहेरून. उडत्या विमानात तिकडे उंदीरसुद्धा जाऊ शकत नाही. त्यात आठ मिनिटांपैकी पाच मिनिटं वाऱ्याने आम्हाला सुपातल्या तांदळासारखं पाखडलं.”

“पेटीचं वजन केलं होतं?”

“करावंच लागतं. एवढ्याशा विमानात माणसांचंही करतो. पनायियाचं म्हणून पापांनी सांगितलं तेवढंच भरलं.”

“यंत्रातून तपासणी?”

कॅप्टनने मान खाली घातली. ते मीच सांगितलं. तपासणीवाल्याने पेटी यंत्रात घालायची सोडून तिच्यापुढे क्रूस काढला, तिचं चुंबन घेतलं आणि पुढे जाऊ दिली. पनायियाचं पोट बघणार कोण?

“आणि पेटी सामानात का गेली? माणसांबरोबर का नाही?”

“ते विचारू नका!” पापा-सिदेरिस उसळले. “मी म्हटलं होतं, माझ्या मांडीवर राहील! ऑक्टोपसच्या डब्याशेजारी पनायिया? पण हा कॅप्टन ऐकेल तर ना!”

“पापा, वाऱ्यात पेटी उडून तुमच्या टाळक्यात बसली असती. मग पनायियाने तुम्हाला तिथल्या तिथे वर बोलावून घेतलं असतं.”

“मी तर भांडतच होतो. शेवटी कालियोच म्हणाली, जाऊ द्या. ठेव रे बाबा, ठेव, असं इलिरला म्हणाली.”

मी ते माझ्या खिडकीतून ऐकलं होतं. कालियोआजी कोपऱ्यातल्या टेबलाशी काठीवर हनुवटी टेकून बसली होती.

एव्हांथियाने मग तो दगड मागवला. पापांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. काळा, खडबडीत, पाटीएवढा चपटा. त्याच्यावर मेणाचे जुने थेंब होते. आणि तो ज्यात गुंडाळला होता तो टॉवेल पांढराशुभ्र, कडेला भरतकाम, इस्त्रीच्या घड्या अजून तशाच.

एव्हांथिया येरझाऱ्या घालता घालता थांबली. मी तिला पहिल्यांदाच थांबलेली पाहिली.

“आर्गिरो, बाहेर चल,” ती म्हणाली. “आणि मला तुमच्या बोटीबद्दल सांग.”

४

बाहेर वारा थोबाडीत मारत होता. आम्ही कुंपणाच्या कडेने चालत होतो. म्हणजे ती चालत होती, मी धावत होते.

“बोटीत पेटी कुठे असते?”

“लोकांच्या मांडीवर. आमची रीतच आहे. पेटी जमिनीला, बाकाला, कशालाही टेकायची नाही. कालियोआजीकडून निघते, मग एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या. प्रत्येकाने आपलं गाऱ्हाणं सांगायचं आणि पुढे द्यायची. शंभर-दीडशे माणसं असतात. दोन तासांत सगळ्यांचं होतं. एका वर्षी एका नवख्या सेवकाने ती क्षणभर बाकावर ठेवली, तर आजीने काठीने त्याचं बोट मोडलं होतं. खरंच मोडलं! प्लास्टर घालावं लागलं.”

“आणि तसबीर पेटीत कोण ठेवतं?”

“कालियोआजी गुंडाळते आणि ठेवते, आदल्या संध्याकाळी. फीत पापा बांधतात. चर्चची किल्लीसुद्धा त्या दोघांकडेच.”

“हं.” ती पुन्हा थांबली. “आता मला सांग. तू इलिर आहेस. सकाळी तुला कळतं की पेटी विमानाने जाणार. तासभर हातात आहे. तुला चोरायचंय. तू काय करशील?”

“पेटी घेऊन पळेन. किंवा आतली तसबीर काढून विटा भरेन.”

“बरोब्बर. बरोब्बर तेवढ्याच वजनाचा दगड शोधत, तो इस्त्रीच्या टॉवेलात गुंडाळत बसशील?”

“वेड लागलंय का मला?”

“म्हणजे दगड आधीपासून तयार होता. वजन जोखून घेतलेलं. वजनाची एवढी काळजी कशाला? विमानाचं तर आज सकाळी ठरलं, काट्यासाठी कुणी जोखलेलं नाही. पण बोटीत दीडशे माणसं पेटी मांडीवर घेतात, दर वर्षी घेतात. त्यांना कळलं असतं. आर्गिरो, ही गोष्ट दोन तासांच्या वाटेसाठी ठरवली होती. वारा सुटला आणि ती आठ मिनिटांच्या वाटेवर येऊन पडली. इलिर बोटीवर कधी जातो?”

“त्याला बोटीवर कोण नेणार? त्याला तर जत्रेच्या दिवशीही सामान चढवायचं असतं.”

“मग इलिर सुटला. उरले दोघं, किल्लीवाले.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “त्यातला एक पेटी सामानात ठेवू नका म्हणून भांडला. आणि जिने बाकावर ठेवली म्हणून एकाचं बोट मोडलं, ती म्हणाली, ठेव रे बाबा, ठेव.”

आजीला ठाऊक होतं की त्या पेटीत पनायिया नाहीच.

“पण ती का चोरेल? ती तर तिच्यासाठी जीव देईल!”

एव्हांथिया उत्तर देणार तोच डोंगरामागून घरघर ऐकू आली. पेत्रूसाचं विमान. घड्याळ बघायला नको होतं.

५

आम्ही धावत आत आलो. एव्हांथिया सरळ कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेली आणि जन्मात पहिल्यांदा खुर्चीत बसली. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

“आजी, तो दगड गुहेतला आहे ना? जिथे दोनशे वर्षांपूर्वी ती सापडली?”

कालियोआजीने काठी आडवी मांडीवर घेतली.

“उद्या पहाटे जत्रेच्या दिवशी बायका गुहेत मेणबत्त्या लावायला जातात. त्यांना ती तिथेच दिसणार आहे ना?”

“ती स्वतः परत आली असती,” आजी हळूच म्हणाली. “पूर्वीही आली होती. माझी आजी सांगायची. दुसऱ्या गावाने नेली, तर रात्रीत गुहेत परत. तिला जायचं नाहीये गं पोरी. ते दुरुस्ती म्हणतायत, ते तिला काचेत घालणार. तिच्या पायाशी तिकीट लावणार. माझा मुलगा बुडाला तेव्हापासून मी दुसऱ्या कुणाशी बोलत नाही, तिच्याशीच बोलते. काचेतून कसं बोलू?”

“म्हणून तुम्ही चमत्कार रचलात.”

“मी फक्त मदत केली. बोटीत दीडशे हात लागले असते. कुणावर आळ घेणार? सगळे म्हणाले असते, पनायिया गेली, आपल्या घरी गेली. पण सकाळी बोट बंद झाली. चर्चच्या दारात सगळं गाव, मी गुहेत जाऊ कधी नि आणू कधी? म्हटलं, ती बघून घेईल.” तिने डोळे मिटले. “दोन तासांत चमत्कार मावतो, पोरी. आठ मिनिटांत चोरीच मावते. ते या म्हाताऱ्या डोक्यात आलं नाही.”

बाहेर विमान टेकलं. दोन अधिकारी वाऱ्याने टोप्या धरत आत आले. सरपंच लगबगीने पुढे झाला आणि बोट रोखून म्हणाला, “ग्योका. इलिर ग्योका. हाच तो.”

बेडीचा आवाज झाला. मिरेला किंचाळली. आणि कालियोआजी उठली.

“काढा ते,” ती म्हणाली. “तसबीर मी काढली. मीच दगड ठेवला. पनायिया गुहेत आहे, माझ्या लग्नातल्या शालीत.”

मग सरपंच आजीजवळ गेला आणि दबक्या आवाजात, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आजी, तू थकलीस. काहीही बरळतेस. गुहेत आहे ना? मग उद्या सापडू दे की! घंटा वाजवू, बिशपला सांगू, ती स्वतः आली. कुणाची छाती आहे मग तिला न्यायची? ती कायमची आपल्याकडे राहील.”

“आणि इलिर?” मी विचारलं.

“सुटेल की दोन-चार महिन्यांत. पुरावा कुठाय?”

खरं सांगते, टपरीतल्या कितीतरी माना हलल्या. होकारार्थी. पापा-सिदेरिसनी तर जमिनीकडे बघायला सुरुवात केली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर प्रसादही वाटायचा! माझ्या हातात भांडं होतं, ते मी पांडेलिसच्या डोक्यात घालणारच होते.

पण आजी त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. एखादं पोर फार वेडं बोललं की बघतात तसं.

“पांडेलिस, मेरीमातेच्याही पोराला धरून नेलं होतं ना रे? काही केलेलं नसताना? तेव्हा शेजारपाजार असाच उभा होता. असाच गप्प.” तिने काठी इलिरकडे वळवली. “या माणसाला बेड्या घालून मी तिला घरात ठेवून घेऊ? तसबीर राहील रे इथे. ती राहणार नाही.”

मग ती माझ्याकडे वळली. “आर्गिरो, बिशपला फोन लाव. मला नंबर दिसत नाहीत.”

मी फोन लावला. आजीने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एक शब्द न गाळता. मग बिशप म्हणाले, उद्या पहिल्या विमानाने पनायियाला घेऊन या, आणि फोन ठेवून दिला.

बेडी काढली. इलिर मनगट चोळत उभा राहिला. आजी काठी टेकत त्याच्यापाशी गेली, वाकली, आणि कुणाला काही कळायच्या आत तिने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. आमच्याकडे असं फक्त धर्मगुरूंच्या हाताचं घेतात. इलिरने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. “आजी, नको, काय करतेस,” एवढंच म्हणाला आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा वेडावाकडा झाला.

सरपंचाला आता काहीतरी बोलणं भाग होतं. “इलिर, झालं गेलं विसरून जा. मनात काही ठेवू नको. तू आमचाच आहेस.”

“ठेवत नाही,” इलिर म्हणाला. “फक्त एक लक्षात राहील, सरपंच. वीस वर्षांत तुम्ही आज पहिल्यांदा माझं आडनाव घेतलंत.”

लोक एकेक करून निघाले, एकमेकांकडे न बघता.

पनायिया दुसऱ्या सकाळी गेली ती अजून आलेली नाही. दुरुस्ती चालू आहे म्हणतात. निम्मं गाव कालियोआजीशी बोलत नाही, तिने आमचं दैवत घालवलं म्हणून. इलिरच्या घरचे बोलतात.